काचेतला मेंढा

पटक्यावर हेल्मेट बसत नव्हतं. पहिल्या दिवशी मायाप्पानं ते काखेत मारलं आणि मेंढरं फाटकाकडं वळवली, तर पहाऱ्यावरचा तिप्पण्णा आडवा आला.

"अण्णा, डोक्यावर घाल. काखेत धरून चालत न्हाय हितं."

"मग पटका काढू व्हय?"

"काय बी कर. सायबानं फाटकाच्या कॅमेऱ्यात बगितलं तर मला इचारंल."

मायाप्पाची साठी उलटून गेली होती. घरातलं माणूस मातीला लावताना तेवढा पटका उतरवायचा, एरवी दिवसा उघडं डोकं कुणाला दाखवायचं नाही, अशी त्याची रीत. त्यानं पटका सोडला, त्याची घडी घोंगड्यात ठेवली आणि पांढऱ्या केसांवर पिवळं हेल्मेट चढवलं. पट्टा हनुवटीला काचला. मेंढरं मात्र कशासाठी थांबली नाहीत. फाटक उघडल्याबरोबर सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस आत घुसली, कारण आत हिरवं होतं.

बाहेर काहीच हिरवं नव्हतं. मृग गेला, आर्द्रा गेली, श्रावण निम्मा सरला. होटगीच्या खालच्या अंगाला पसरलेला तो सगळा मुलूख नुसता तांबडा पडला होता. पेरलेली तूर वीतभर येऊन तिथंच थांबलेली. हिरवं होतं ते फक्त जाळीच्या कुंपणाआड, सोलरच्या प्लेटांखाली. दोन वर्षांपूर्वी त्या माळावर लोखंडी खांब रोवले गेले आणि नजर पोचेल तिथवर निळ्या काचेच्या प्लेटा बसल्या. धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून टँकरनं पाणी आणून प्लेटा धुवायच्या. ते पाणी खाली निथळायचं आणि प्लेटांच्या सावलीत गवत गुडघाभर वाढायचं.

धुणाऱ्या बायकांत मायाप्पाची सून पूनम होती. दहावी झालेली, बोलायला धीट. कंपनीनं गवत कापायचं मशीन लावलं तेव्हा खडे उडून दोन प्लेटा फुटल्या. इंजिनिअर महेश्वर साहेब डोक्याला हात लावून बसले होते. पूनम त्यांना म्हणाली, "सायेब, आमची मेंढरं घाला की. मशीन नको आन् डिझेल नको."

साहेब आधी हसले, पण आठ दिवसांनी त्यांनीच बोलावून घेतलं. अटी घातल्या. फक्त मेंढरं, शेळी एकही नको, कारण शेळी प्लेटवर चढते आणि वायर चावते. कुत्रं नको. सकाळी सातला आत, संध्याकाळी सहाला बाहेर. तीन महिने करून बघू, नीट झालं तर पुढं.

म्हणून मायाप्पाची बायको म्हाळसाबाई आपल्या चार शेळ्या दारात बांधून सुबाभळीचा पाला तोडत फिरायची, आणि मायाप्पा रोज डोकं उघडं करून आत जायचा. असे दोन महिने गेले. मेंढरांच्या फासळ्या झाकल्या. घरात ते एक बरं चाललेलं होतं. एकुलता मुलगा शहाजी कोळशाच्या वीज केंद्रावर ठेकेदाराकडं वॅगन रिकाम्या करायला होता, तो उन्हाळ्यातच घरी बसला. ऊन चढलं की सोलरची वीज येते, मग तिकडं दिवसा जाळ कमी करतात, कोळसा कमी लागतो, माणसंही कमी लागतात. शहाजी हे कुणालाही न रागावता सांगायचा. सहा वर्षं त्याच्या नखांत बसलेली काळी रेघ आता कुठं निघून चालली होती.

त्या दिवशी संध्याकाळचे पाच वाजले होते. प्लेटा सूर्याबरोबर वळतात. मावळतीकडं तोंड करून त्या आता जवळजवळ उभ्या झाल्या होत्या. बायका तिसरी ओळ धुऊन पुढं सरकल्या होत्या आणि काचांवरून पाणी अजून ओघळत होतं. मायाप्पा चौथ्या ओळीत बसून एका कोकराच्या खुरातला काटा काढत होता. तेवढ्यात त्याला पाय आपटल्याचा आवाज आला.

वाकड्या. कळपातला एकच मोठा मेंढा, डावं शिंग कानाकडं वळलेला. आठ दिवस तो माजावर होता, माद्यांच्या मागं मागं नाक वर करून फिरत होता. तो तिसऱ्या ओळीपुढं मान खाली घालून उभा होता. त्याच्यासमोर ओल्या, लख्ख काचेत तसाच काळा, तसाच मान खाली घातलेला दुसरा मेंढा उभा होता.

"हाऽऽर्र! वाकड्या!"

मायाप्पा उठला. हेल्मेट डोळ्यांवर आलं, ते त्यानं हातानं झुगारलं. वाकड्या तीन पावलं मागं सरला. समोरचाही सरला. मग दोघं एकदमच धावले.

आवाज फार मोठा झाला नाही. जाड मडकं पडावं तसा दबका. दुसरी टक्कर बसेपर्यंत मायाप्पानं त्याचं शिंग धरलं होतं, तरी त्याला घेऊनच मेंढा काचेवर गेला आणि मायाप्पाचा खांदा लोखंडाला घासला. प्लेट जागेवरच राहिली. पण खालच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत तिला हजार तडे गेले आणि ती पांढरी पडली.

मायाप्पानं इकडं तिकडं बघितलं. बायकांचे आवाज दूर होते. त्यानं घोंगड्यातला पटका काढून वाकड्याच्या गळ्यात अडकवला, ओढत ओढत त्याला पाचव्या ओळीत नेलं आणि मेंढरं हाकून फाटकाकडं काढली. अजून सहा वाजायचे होते.

"आज लवकर रे?" तिप्पण्णानं विचारलं.

"कोकरू लंगडतंय," मायाप्पा म्हणाला. ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी तो मेंढरं घेऊन मुकाट आत गेला. लांबच्या बाविसाव्या ओळीत जाऊन बसला. दुपारी घरी पाणी प्यायला आला, तर पूनम उंबऱ्यात बसलेली. गमबूट नाहीत, गळ्यातलं कार्ड नाही.

"काय झालं गं?"

"प्लेट फुटली तिसऱ्या वळीत. माझ्या हातनं ब्रशाचा दांडा लागला." तिनं खाली बघतच सांगितलं. "कार्ड काढून घेतलं. येऊ नगा म्हणाले."

म्हाळसाबाई पाल्याचा भारा टाकून तिथंच खाली बसली. "दांड्यानं काच फुटती व्हय? रोज तर धुतीस."

"फुटली."

शहाजी भिंतीला टेकून उभा होता. "त्या उन्हानं माझं काम घालवलं," तो म्हणाला, "आता तिचं बी घालवलं." मग त्याला स्वतःलाच ते बोलणं कसंतरी वाटलं आणि तो शेळ्यांना पाणी दाखवायला गेला.

म्हाळसाबाईनं भाकरी वाढली. मायाप्पानं चतकोर तोडली, ती तोंडात फिरत राहिली. खांद्यावरचं खरचटलेलं घामानं चुरचुरत होतं. पाणी पिऊन तो उठला आणि मेंढरांकडं परत निघाला. वस्तीच्या टोकाला बाभळीखाली पूनम मागून आली. तिच्या हातात पाण्याची बाटली होती, ती विसरली म्हणून आणली असावी तशी.

"मामा, सायबाकडं जाऊ नगा."

"म्या कशापायी जाईन?"

"काल पायीप गुंडाळाया म्या मागं आल्ते." तिनं बाटलीचं झाकण आवळलं. "वाकड्याला वडत नेताना बगितलं तुमाला."

मायाप्पाच्या हातातली काठी जमिनीवर तशीच टेकून राहिली. सुनेच्या तोंडाकडं बघायची त्याची कधी वहिवाट नव्हती. आता तर त्याला तिच्या पायांकडंही बघवेना. गमबुटात महिनोन्महिने भिजून तिच्या पायांची बोटं पांढरट, सुरकुतलेली झाली होती.

"मंग तू मेंढ्याचं नाव का न्हाय घेतलंस?"

"घेतलं असतं तर आज मेंढरं कुटं असती? मला मिळंल की खुरपणं कुटं बी."

"पाऊस न्हाय. खुरपणं कसलं काढलंस?"

"मिळंल," ती म्हणाली. बाटली त्याच्या हातात देऊन ती वळली आणि भराभर चालत गेली.

त्या संध्याकाळी मेंढरं बाहेर काढण्याआधी मायाप्पा ऑफिसात गेला. ऑफिस म्हणजे लोखंडी डबा, आत थंड हवा. दारात चपला काढल्यावर फरशी पायाला बर्फासारखी लागली. महेश्वर साहेब तिशीपस्तिशीचे, अक्कलकोटकडचे, एरवी कुणाला अरे-तुरे न करणारे. ते संगणकावर काहीतरी बघत होते.

"सायेब, प्लेट पूनमनं न्हाय फोडली. माझ्या मेंढ्यानं फोडली."

साहेबांनी मान वर केली. उठले, दार लावलं.

"कुणी बघितलं?"

"म्या."

"आणखी कोणी?"

"कोन न्हाय," मायाप्पा म्हणाला. सुनेचं नाव त्यानं घेतलं नाही.

"मग तुम्हीही बघितलं नाही, मामा."

मायाप्पाला कळेना. साहेबांनी त्याला खुर्ची दाखवली. तो उभाच राहिला.

"परवा मुंबईहून माणसं येणार आहेत. त्यांच्याबरोबर एक परदेशी बाई. बघा, जगातल्या देशांनी मिळून ठरवलंय, धूर कमी करायचा. आधी ठरवलं होतं ते पुरत नाही म्हणून मुदत आणखी अलीकडं आणली. कोळसा कमी आणि हे वाढवायचं. बरोबर आहे ना? पण सगळीकडं ओरड एकच, की ह्यांनी चराईचे माळ घेतले. म्हणून आपण काय दाखवणार? प्लेटांखाली मेंढरं चरतात. अहवालात फोटोसकट गेलंय ते. आता मी लिहू का, की मेंढ्यानं पॅनेल फोडलं?"

"खरं तेच हाय की."

"खरं लिहिलं तर मेंढरं बंद. इथंच नाही, दुसरीकडं सुरू होणार होती तिथंही. बाईच्या हातून फुटलं तर बाई बदलायची. तेवढ्यावर मिटतं." साहेबांचा आवाज वाईट नव्हता. "तुमच्याच फायद्याचं सांगतोय."

मायाप्पा बाहेर आला. चपला घालताना त्याचे अंगठे चुकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आत गेला तेव्हा तिसऱ्या ओळीत नवी प्लेट बसवायचं काम चाललं होतं. दोन माणसं पाने घेऊन बोल्ट आवळत होती. शेजारी नवी बाई ब्रश घेऊन उभी होती. मीनाबाई तिचं नाव, होटगी स्टेशनाजवळून आलेली, साधी बाई. पायांत पूनमचे गमबूट होते. ते तिला मोठे होत होते, म्हणून तिनं आत फडकी कोंबली होती. एका बुटाला पूनमनं लावलेलं सायकलच्या ट्यूबचं ठिगळ मायाप्पानं ओळखलं. त्याच्याच दारात बसून तिनं ते चिकटवलं होतं.

"हे बूट कुणी दिलं बाई?" त्यानं विचारलं.

"ऑफिसातनं दिलं. का हो, काका?"

"काय न्हाय."

संध्याकाळी घरी आल्यावर म्हाळसाबाईला एवढंच म्हणाला, "उंद्या वाकड्याला दावणीलाच ठिव. त्याला हिरवं काय मिळंल ते घाल."

"आन् बाकीची?"

"बाकीची माझ्यासंगं."

पाहुणे यायच्या दिवशी त्यानं मेंढरं सात वाजता फाटकापर्यंत नेली आणि फाटकाच्या अलीकडं थांबवली. रस्त्याच्या कडेला, कुंपणाला लागून, जिथं एक काडी उगवलेली नव्हती तिथं. घोंगडं अंथरलं. डोक्याचा पटका नीट बांधला आणि बसला. मेंढरांना आतल्या गवताचा वास येत होता. ती जाळीला तोंडं लावून ओरडू लागली.

तिप्पण्णा फाटक उघडून उभा होता. "अण्णा, बा की. ये आत."

"न्हाय."

"अरे, पाहुणे येणार आज!"

"येऊ देत. त्येंनी बी बगावं, मेंढरं कुटं हायत ती."

तिप्पण्णा फोनवर कानडीत आणि मराठीत मिळून काहीतरी बोलला. आठ वाजता महेश्वर साहेब स्वतः चालत आले. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला.

"मामा, हे काय? दहाला गाड्या येतील."

"मेंढरं न्हाईत सायेब. बंद केली म्या."

"का?"

"तुमीच म्हणालात की. मेंढ्यानं फोडली तर मेंढरं बंद. मेंढ्यानंच फोडली."

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. तिप्पण्णा लगेच दुसरीकडं बघू लागला. जाळीजवळ एक मेंढी आर्तपणे ओरडत होती, तिचं कोकरू तिच्या पोटाला ढुशा देत होतं. मायाप्पाला ते ऐकवत नव्हतं. ही मेंढरं दोन दिवस इथं बसली तर आटतील, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"काय पाहिजे तुम्हाला?" साहेबांनी हळू विचारलं.

"पूनमचं कार्ड."

"परवा देतो. पाहुणे गेले की."

"आत्ता द्या. गळ्यात घातलेलं बगीन, मग मेंढरं आत येतील. आन् ती मीनाबाई, तिला काडू नगा. तिनं काय केलंय?"

"अहो, एका जागेवर दोन बायका..."

"प्लेटा काय कमी हायत व्हय?"

साहेबांनी रुमालानं मान पुसली. "मेंढा आत येणार नाही. कायमचा."

"दावणीला बांधलाय."

शहाजी पूनमला मोटारसायकलवरून घेऊन आला तेव्हा नऊ वाजून गेले होते. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, तिला वाटलं ऑफिसात काहीतरी सही करायला बोलावलंय. साहेबांनी कार्ड दिलं. तिनं ते हातात धरून आधी सासऱ्याकडं बघितलं.

"घाल," मायाप्पा म्हणाला.

तिनं घातलं. मग त्यानं पटका सोडला, हेल्मेट चढवलं आणि मेंढरांना हाक दिली.

पाहुणे साडेदहाला आले, तीन गाड्या भरून. मुंबईच्या साहेबानं मायाप्पाला बघितलं आणि म्हणाला, "हे हेल्मेट काढा हो. पगडी कुठंय? पगडी घाला." मायाप्पानं पटका बांधला. "कोकरू घ्या हातात. हसा थोडं." त्यानं कोकरू उचललं. हसू आलं नाही. तरी फोटो निघाले.

परदेशी बाई उंच होती, उन्हानं लाल झालेली. ती वाकून मेंढरं कशी खातात ते बघत राहिली. तिनं प्लेटखालच्या गवताला हात लावला, ओली माती बोटांत चोळली. मग मायाप्पाकडं बघत तिनं काहीतरी विचारलं.

महेश्वर साहेबांनी मराठीत सांगितलं, "मॅडम विचारतायत, इथं किती दिवसांपासून चारताय?"

"माझा बाप हितंच चारायचा," मायाप्पा म्हणाला. "त्येच्या आदी त्येचा बाप. कुंपण पडलं तवा बंद झालं."

साहेब बाईकडं वळले. "टू मंथ्स, मॅडम."

बाईनं मान हलवली आणि वहीत लिहायला घेतलं. मायाप्पाला इंग्रजी येत नव्हतं, पण एवढं लांब बोलणं दोन शब्दांत कसं मावलं, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"नो मॅडम. नॉट टू मंथ्स."

पूनम पाइप हातात धरून उभी होती. पाणी तिच्या पायांवर पडत होतं. "बिफोर," ती म्हणाली. मग पुढचे शब्द सापडेनात म्हणून तिनं मोकळा हात मायाप्पाकडं केला, मग त्याच्या मागं, आणखी मागं, आजा-पणजाच्या दिशेनं. "फादर. हिज फादर. बिफोर कंपनी. ऑलवेज."

परदेशी बाईनं आधीचं लिहिलेलं खोडलं आणि हळूहळू नवं काहीतरी लिहिलं. मुंबईच्या साहेबानं घड्याळ बघितलं. महेश्वर साहेबांनी पूनमच्या गळ्यातल्या कार्डाकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "पाणी वाया जातंय."

तिनं कॉक फिरवला.

गाड्या गेल्यावर मायाप्पा वाट बघत राहिला. आता बोलावणं येईल, आता कार्ड परत मागतील. पूनम चौदाव्या ओळीत ब्रश मारत होती, नेहमीपेक्षा जोरात. पलीकडून मीनाबाई दुसरा ब्रश मारत येत होती. दुपार झाली, चार वाजले. प्लेटा मावळतीकडं कलू लागल्या. मग साहेब आले. त्यांचा शर्ट आता वाळून मिठाचे डाग पडले होते. ते मायाप्पाजवळ येऊन उभे राहिले, पण बोलले ते मेंढरांकडं बघत.

"तीसच्या पुढच्या ओळींत गवत फार झालंय. उद्या तिकडं घाला."

"व्हय."

"आणि सुनेला सांगा..." साहेब थांबले. मान हलवून ते ऑफिसकडं गेले.

सहा वाजता तिप्पण्णानं फाटक उघडलं. मेंढरं पोटं तट्ट करून बाहेर पडली आणि आपसूक घराच्या वाटेला लागली. मायाप्पानं शीळ घालून त्यांना परत वळवलं. बायकांची अजून एक ओळ राहिली होती. त्यानं घोंगडं कुंपणाशी टाकलं आणि बसला. शहाजी घ्यायला येणार होता, हे त्याला ठाऊक होतं. तरी पूनम बाहेर येईपर्यंत तो तिथून उठला नाही.